डाळिंबी गाडीचं कोटिंग

गाडीला सिरॅमिक कोटिंग करावं की करू नये, या विषयावर माझ्याइतकं वाचलेली व्यक्ती सुरतच्या दिंडोली भागात दुसरी नसावी. हे मी अभिमानानं सांगत नाही. नुसत्या वाचण्यानं माणसाचं काय होतं, ते पुढे येईलच.

सुरुवात आईनं केली. एका सकाळी ती गॅलरीत उभी राहून खाली पार्किंगकडे बघत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "वर्षा, तुना बापनी गाडीना रंग उतरी ऱ्हायना."

आईचा सगळा संसार सुरतेत झाला, पण ती बोलते अहिराणीच. मी जाऊन बघितलं. खरंच, गाडी मळकट दिसत होती. डाळिंबी रंगावर पांढुरकी साय आल्यासारखी झाली होती. अण्णा फेब्रुवारीत गेले. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती, आणि आईही. ती खाली उतरत नसे. गॅलरीतून गाडी बघायची, दूध तापवायची, पुन्हा येऊन गाडी बघायची.

अण्णा म्हणजे रघुनाथ मास्टर. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये कलर मास्टर. व्यापारी साडीचा तुकडा आणून टाकायचा आणि अण्णा तो रंग पाण्यात तसाच्या तसा उतरवून द्यायचे. अशा माणसाच्या गाडीचा रंग त्याच्यामागे काही महिन्यांत उडावा, हे मला बरं वाटेना. माणूस अडवता आला नव्हता. रंग तरी अडवता येईल, असं वाटलं.

म्हणून मी वाचायला बसले. सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पातळ थर. त्यावर पाणी टिकत नाही, धूळ बसत नाही, उन्हाचा परिणाम होत नाही. निदान विकणाऱ्यांचं तसं म्हणणं. न विकणाऱ्यांचं म्हणणं असं की त्यापेक्षा चांगलं मेण लावा आणि गाडी सावलीत ठेवा. मी दोन्ही बाजूंचं वाचलं, मग त्यांच्यावर आलेल्या टीका वाचल्या, मग टीकाकारांच्या एकमेकांवरच्या टीका वाचल्या. अखेर माझं मत इतकं संतुलित झालं की त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. मलाही.

इथं मी एक चूक केली. विषय आमच्या बिल्डिंगमध्ये बोलले.

आमच्या बिल्डिंगचं वैशिष्ट्य असं, की निम्मे लोक मिलमधून निवृत्त झालेले आहेत आणि कोणाच्याच हाताला त्याची सवय झालेली नाही. तळमजल्यावरचे धुडकू आप्पा फोल्डिंग खात्यात होते. म्हणजे तयार कापडाच्या ताक्यात कुठं डाग, कुठं भोक, कुठं धागा तुटलेला, ते शोधून खडूनं खूण करायची. दुसऱ्या मजल्यावरचे दगा भाऊ रंगाईच्या मशीनवर होते. "कोटिंग" हा शब्द ऐकल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू मिलनंच परत बोलावलं आहे.

"कोटिंग म्हणजे फिनिश," आप्पा म्हणाले. "ताक्याला मारतात ना, पाणी न लागणारं? तेच ते. किती धुलाईची गॅरंटी देतात?"

"धुलाईची नाही आप्पा, वर्षांची देतात."

"वर्षांची!" आप्पा दगा भाऊंकडे वळून हसले. "वर्षांची गॅरंटी कपड्याला कोणी देतं का? फसवताहेत पोरीला. आधी माल तपासला पाहिजे."

आणि माल तपासायला दोघं पार्किंगमध्ये गेले. दगा भाऊंनी खिशातला पांढरा रुमाल काढला, गाडीच्या छतावर घासला आणि मन लावून पाहिला. मग तोच ओला करून घासला. ओला रुमाल काळा झाला.

"ओल्या घासणीत रंग सुटतोय," त्यांनी जाहीर केलं.

"भाऊ, ती धूळ आहे. सचिनचीच असेल."

"धूळ कोरड्यावर का नाही आली मग? रंग पक्का बसलेला नाही. रंगाईनंतर धुतलं नसेल नीट. कंपनीवाल्यांनी घाई केली."

गाडी कापडाची नसते, हे मी सांगितलं. त्यांनी ते मोठ्या मनानं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून आईची हाक आली. तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मी धावले. खाली गाडीला कांजिण्या आल्या होत्या. दारं, बोनेट, मागचा बंपर, सगळीकडे पांढरे गोल. आप्पांनी पहाटेच येऊन गाडीवरच्या प्रत्येक पोच्याभोवती, प्रत्येक चऱ्याभोवती खडूनं वर्तुळ करून ठेवलं होतं आणि ते स्वतः शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसले होते.

"पास नाही झाली," मला बघून ते हळहळत म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको बेटा. पण प्रामाणिकपणे सांगतो, सेकंडमध्ये जाईल."

सेकंड म्हणजे दोष असलेला माल, फुटपाथवर ढिगात विकतात तो. मी साधारणपणे शांत राहणारी बाई आहे. अण्णांच्या दहाव्यालाही मी शांतच होते, त्याबद्दल काही नातेवाईक अजून नाराज आहेत. पण त्या दिवशी मी पार्किंगमध्ये उभी राहून म्हणाले, "आप्पा, अण्णांची गाडी सेकंड नाही."

आप्पा गडबडले. ते वाईट माणूस नाहीत. नुकसान भरून काढायचं म्हणून त्यांनी कोटिंगबद्दल आणखी विचारलं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी सांगत गेले. बोलता बोलता मी म्हणाले की कोटिंगचा कडकपणा पेन्सिलीनं मोजतात. हे खरं आहे. पेन्सिलींचे मऊपासून कडकपर्यंत क्रम असतात, आणि सगळ्यात कडक पेन्सिलीनंही ओरखडा उठला नाही, तर कोटिंग पास.

माहिती देणं ही माझी दुसरी चूक. आप्पांच्या घरात नातवाची पेन्सिल होती. ती साधी शाळेची, झिजून बोटाच्या पेराएवढी उरलेली पेन्सिल. तिचं टोक मागच्या दारावर पहिल्याच दाबाला तुटलं. पण ज्या माणसानं आयुष्यभर ताके ओढले त्याचा हात एकदम थांबत नाही. उरलेलं लाकूड आणि पेन्सिलीच्या मागची पत्र्याची टोपी, दोन्हींचा मिळून एक लांबलचक चरा उठला.

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग खिशातून खडू काढला आणि त्याच्याभोवती गोल केला.

"बघितलं?" ते म्हणाले. "कोटिंग नव्हतं म्हणून गेला. पाहिजेच, वर्षा. आता तर पाहिजेच."

अशा रीतीनं निर्णय झाला. इतकं वाचून मी ज्या निष्कर्षाला पोहोचू शकले नव्हते, तिथं मला एका पेन्सिलीनं नेलं.

सुरतेबाहेर कामरेजजवळ हायवेवर एक दुकान आहे. दुकान म्हटलेलं त्यांना आवडत नाही, ते स्टुडिओ म्हणतात. बुकिंग मोबाइलवर करायचं. गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव आपोआप येतं. आलं. रघुनाथ. खाली लिहिलं होतं, 'नमस्कार! तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.'

तुमच्या म्हणजे अण्णांच्या. मी कोटिंगच्या कंपनीला फोन लावला. हिंदी बोलणारी मुलगी फार गोड होती.

"मॅडम, वॉरंटी ओनर के नाम से ही बनेगी. सर से बात हो सकती है?"

"नहीं हो सकती."

"कोई बात नहीं मॅडम. सर कब फ्री होंगे?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "ओह. सॉरी मॅडम." आणि तिच्यासमोरच्या कागदावर पुढची ओळ तीच असावी म्हणून, "तो ओटीपी बता दीजिए."

गाडी अजून माझ्या नावावर व्हायची होती. ती प्रक्रिया कशी चालली आहे यावर मी वेगळं लिहू शकेन, पण ते विनोदी होणार नाही. शेवटी कपाटातून अण्णांचा फोन काढला, चार्जिंगला लावला. आई स्वयंपाकघरात होती. फोन सुरू झाला आणि थरथरायला लागला, थांबेचना. पुन्हा मागवलेला ओटीपी त्या गर्दीत कुठंतरी होता. बाकी सगळी गुलाबाची फुलं होती. कपबशी, उगवता सूर्य, 'शुभ सकाळ', 'आपला दिवस आनंदात जावो'. फेब्रुवारीपासून आजपर्यंत, एकही दिवस न चुकता. पाठवणारे धुडकू आप्पा.

मी खाली जाऊन त्यांना काही विचारलं नाही. एकदा यादीत घातलेलं नाव काढायचं कसं हे त्यांना येत नसेल. येत असेल तरी. मी ओटीपी टाकला आणि फोन बंद केला, मग थोड्या वेळानं परत चालू करून चार्जिंगलाच ठेवला.

ठरलेल्या दिवशी गाडीनं चालू व्हायला नकार दिला. इतके महिने उभी राहून बॅटरी झोपली होती. हे मी वाचलं होतं. गाडी उभी असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवावी, अशी कितीतरी लोकांनी सूचना केली होती. आता आप्पा, दगा भाऊ, दूधवाला आणि वॉचमन यांनी मागून धक्का द्यायला घेतला. मी आत, क्लचवर पाय. खडूची वर्तुळं तशीच होती, कारण पुसायला आप्पांची परवानगी नव्हती. दुकानदाराला दोष दाखवता आले पाहिजेत म्हणे. आप्पांच्या बायको पुष्पाबाई खिडकीतून सूचना देत होत्या.

"जोरात! अहो, जोरात! जेवला नाहीत का?"

गाडी एकदा हुंदका देऊन थांबली. दुसऱ्यांदा देऊन थांबली. तिसऱ्यांदा चालू झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आरशात बघितलं तर जिन्यातून आई येत होती. चपला उलट्यासुलट्या घातलेल्या, हातात पर्स. पर्समध्ये काय होतं कोण जाणे. तिनं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसली.

"आई?"

"मी येस. तुम्हीन शेड बदलीसन आणशात." म्हणजे तुम्ही रंगाची छटा बदलून आणाल.

कलर मास्टरच्या बायकोला जगात एकाच गोष्टीची भीती वाटते. मागे आप्पा बसले. ते काही विचारत नाहीत, बसतात.

कामरेजपर्यंत मी इतकी सावकाश गेले की एका उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. गाडी बंद पडली तर पुन्हा धक्का मारायला आप्पाच होते, म्हणून सिग्नलला क्लच सोडायचं धाडस होईना. शेजारच्या रिक्षातल्या माणसानं खडूचे गोल बघून विचारलं, "बेन, आ शुं छे? डिझाइन छे?" आप्पांनी काच खाली करून त्याला सेकंडच्या मालाबद्दल सविस्तर सांगितलं.

स्टुडिओत सगळं काळं होतं. भिंती, फरशी, कर्मचाऱ्यांचे टीशर्ट. मधोमध पांढरे दिवे. मालक लखन नावाचा तरतरीत माणूस होता. तो माझ्याशी आधी गुजरातीत बोलला, मग हिंदीत, आणि आईचं पहिलं वाक्य ऐकून एकदम म्हणाला, "काकी, कोणतं गाव?"

"अमळनेर."

"आम्ही पारोळ्याकडचे." त्यानंतर त्यानं भावात काही सवलत दिली नाही, पण खुर्ची दिली.

गाडी धुतली. आप्पांचे खडूचे गोल वाहून गेले. आप्पांनी ते फोटोत घेऊन ठेवले होते. मग लखननं एक लहानसा प्रखर दिवा घेतला, बोनेटवर तिरका धरला.

"हे कोणी केलं?"

आम्ही वाकून बघितलं. साध्या उजेडात जे पांढुरकं दिसत होतं, ते त्या दिव्यात उलगडलं. साऱ्या बोनेटभर बारीक बारीक गोल रेषा. एकात एक, एकावर एक. हजारो. कोळ्यानं गाडीवर विणकाम केल्यासारख्या.

"रंग उतरलेला नाही," लखन म्हणाला. "रंग आत आहे तसाच आहे. वरचा थर घासला गेलाय. कशानं पुसत होते गाडी?"

मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं.

"साडीना तुकडा," ती म्हणाली. "मिलमातीन आनेत ना त्या. सॅम्पलना."

"जरीचे?"

आई म्हणाली, "काठ ऱ्हायना तर जरीचाच ना."

लखननं डोळे मिटले. मी कपाळाला हात लावणाऱ्यांपैकी नाही, पण तेव्हा हात तिकडे गेला. आयुष्यभर रंग जपलेला माणूस रोज सकाळी स्वतःच्या गाडीवर जरीचा काठ घासत होता, प्रेमानं, गोल गोल. आणि त्यांना कोणी हटकलं नाही, कारण सुरतेत साडीच्या तुकड्यानं गाडी पुसणं यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याच गाड्या तशाच दिसतात. आप्पांची स्कूटरसुद्धा.

"यात काही नाही," आप्पा म्हणाले. "आम्ही पण त्यानंच पुसतो."

लखननं पद्धत सांगितली. आधी मशीननं घासून हे सगळे चरे काढायचे, मग वर कोटिंग. गाडी नवी दिसेल.

"चरे ठेवून कोटिंग होतं का?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते कसं आलं मला कळलं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे हे आहेत तसे राहतील. वरून थर."

लखन माझ्याकडे असं बघत होता की जणू मी शर्ट सुरकुत्यांसकट इस्त्री करायला टाकला आहे. "ताई, ते आत कायमचे बंद होतील. लोक हे काढायला पैसे देतात. वॉरंटी पण नाही मिळणार." मग त्यानं आईकडे बघितलं. "काकी, तुम्हाला एक जागा करून दाखवतो. मग ठरवा."

त्यानं बोनेटच्या मधोमध टेपनं एक चौकोन आखला, त्यात मलम लावलं आणि मशीन फिरवलं. मशीन गुरगुरत होतं. आई उठून उभी राहिली. मला वाटलं, तिला आत्ता रडू येईल, आणि मी काय करायचं ते मी कुठंच वाचलेलं नव्हतं.

लखननं कापडानं पुसून टेप काढली. बोनेटच्या मधोमध ताटाएवढा चौकोन लखलखत होता. सोललेलं डाळिंब. अण्णांनी शोरूममध्ये निवडलेला, ताजा, पहिल्या दिवशीचा रंग. आप्पांच्या तोंडून "वा" गेलं.

आई वाकली. नाकाजवळ नेऊन तिनं तो चौकोन बघितला. मग बाजूचं मळकट बोनेट बघितलं. पुन्हा चौकोन.

"मले हाऊ रंग कधीच आवडना नही," ती म्हणाली.

आप्पा रंग बघायला पुढे वाकले.

"काय भडक व्हती गाडी! लगीनमा बँडवालानी ऱ्हास तशी. मी महिनाभर बसनूच नही तीमा. तुना बाप म्हने, थांब, बसी जाई रंग. आनि बसना." तिनं बाजूच्या मळकट भागावर हात ठेवला. "हाऊ. हाऊ रंग."

लखननं माझ्याकडे बघितलं, भाषांतर हवं असल्यासारखं. त्याला सगळं समजलं होतं, तरी.

"मग कोटिंग नको?" त्यानं विचारलं.

"नको," आई मराठीत म्हणाली, म्हणजे बाहेरच्या माणसाला निर्वाणीचं सांगताना ती बोलते तसं. "आणि हा डाग काढून दे."

"कोणता डाग?"

आईनं लखलखत्या चौकोनावर बोट ठेवलं.

लखननं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली असतील. चमक काढून द्या म्हणणारी पहिलीच. "काकी, ते होत नाही. परत घाण कशी करू? मशीन तसं काम करत नाही."

"मग कसं होईल?"

"रोज पुसून पुसून होईल. वर्षभर लागेल." आणि जरा चिडून, "जसं आतापर्यंत केलं तसं."

आईनं मान डोलावली. जणू अंदाज ऐकला आणि पटला. चौकोनाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मागच्या दारावरचा चरा मात्र त्यानं जाता जाता बघितला आणि विचारलं, "हा कशाचा?" आप्पांनी रस्त्याकडे तोंड केलं.

कंपनीच्या गोड मुलीचा संध्याकाळी फोन आला. "मॅडम, सर का एक्सपीरियन्स कैसा रहा?" मी म्हणाले, चांगला राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत आले. खाली गाडीशी आई होती. पदर खोचलेला, हातात हिरव्या जॉर्जेटचा तुकडा, काठ जरीचा. ती बोनेटच्या मधोमध, त्याच चौकोनावर, जोर लावून गोल गोल घासत होती. शेजारी खुर्चीत आप्पा चहा पीत होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "गोल नका पुसू. चरे पडतील."

"पडू द्या," आई मान वर न करता म्हणाली. "भाऊ, उजेडातून जरा बाजूला सरका."